शाळेतील यंत्र आणि शिक्षकाची सिद्धता

(हैदराबाद येथील आबिड्स भागात मराठी भाषक शिक्षक, ग्रामस्थ व शिक्षण खात्यातील अधिकारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



शाळांतील तंत्रसाधने आणि त्यासाठी शिक्षकांचे प्रशिक्षण यांचे नियोजन कसे असावे, हा आजचा विषय आहे. मी तंत्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. म्हणून यंत्राच्या अंतर्गत रचनेविषयी बोलण्यापेक्षा, ते यंत्र गावात पोहोचल्यानंतर काय घडते याविषयी बोलणे मला अधिक उचित वाटते.

आपण ज्या भागात जमलो आहोत त्याचे नाव एका दुकानावरून पडले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेले अल्बर्ट आबिद यांचे ते दुकान. दुकानातून वस्तू घरी आणली की खरेदीचे काम संपते. शाळेसाठी घेतलेल्या वस्तूचे मात्र तसे नाही. तिचे खरे काम ती शाळेत आल्यावर सुरू होते, आणि तेथेच आपले नियोजन बहुधा कमी पडते. हे विधान केवळ तर्कावर आधारलेले नाही. आपल्या देशाने या बाबतीत अर्धशतकापूर्वी एक मोठा प्रयोग केला, आणि त्या प्रयोगात या हैदराबाद शहराचा वाटा मोठा होता. प्रथम त्याचीच माहिती देतो.

१९७५ चा प्रयोग

१९६९ च्या सप्टेंबर महिन्यात भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा ही संस्था यांच्यामध्ये एक करार झाला. अमेरिकेचा एक उपग्रह एक वर्षासाठी भारताला वापरावयास मिळावा आणि त्यावरून खेड्यांसाठी दूरचित्रवाणीचे कार्यक्रम प्रक्षेपित करावेत, असे त्यात ठरले. या कल्पनेचे प्रवर्तक डॉ. विक्रम साराभाई १९७१ च्या अखेरीस निवर्तले. पुढे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यशपाल आणि त्यांचे सहकारी यांनी ही योजना तडीस नेली. या कामात कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांचा मोठा वाटा होता, हे आपण मराठी भाषकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष हा प्रयोग चालला. साइट या नावाने तो ओळखला जातो. आंध्र प्रदेश, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओरिसा, म्हणजे आजचे ओडिशा, या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसविण्यात आले. आंध्रमधील मेदक व महबूबनगर आणि कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर व विजापूर असे आपल्या परिचयाचे जिल्हे त्यात होते. प्रत्येक संचासोबत सुमारे तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची, छत्रीच्या आकाराची आकाशिका उभारलेली असे. हे संच तयार झाले ते याच शहरात. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याने ते बनविले. दिल्ली व कटक यांच्याबरोबर हैदराबाद येथेही कार्यक्रम निर्मितीचे केंद्र होते.

सकाळचा दीड तास शाळांसाठी राखून ठेवलेला असे. हिंदी, ओडिया, तेलुगू व कन्नड या चार भाषांना प्रत्येकी साडेबावीस मिनिटे मिळत. सायंकाळचे अडीच तास शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, बातम्या व करमणूक यांसाठी असत. एका चित्राबरोबर दोन ध्वनिवाहिन्या पाठविण्याची सोय असल्यामुळे एकच चित्र दोन भाषांत ऐकता येई. ज्या गावी त्यापूर्वी कोणी दूरचित्रवाणी पाहिली नव्हती, त्या गावी शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीत लोक चित्र पाहू लागले. केवळ तांत्रिक दृष्टीने पाहिले तरी ही कामगिरी असामान्य होती.

बारा दिवसांचे प्रशिक्षण

परंतु शिक्षकांच्या दृष्टीने त्या वर्षातील सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच होती, आणि तिच्याविषयी फारच थोडे बोलले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शैक्षणिक तंत्रविज्ञान केंद्राने प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान-अध्यापनाचा बारा दिवसांचा पाठ्यक्रम तयार केला. तो एकदा १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा १९७६ च्या उन्हाळ्यात घेण्यात आला. प्रत्येक वेळी सुमारे २४,००० आणि दोन्ही मिळून सुमारे ४८,००० शिक्षकांनी त्याचा लाभ घेतला. एवढ्या शिक्षकांना प्रशिक्षण संस्थांत बोलावून शिकवावयाचे म्हटले असते तर किती वर्षे लागली असती, याचा हिशेब येथील अधिकारी मंडळींनी मनाशी करून पाहावा.

या पाठ्यक्रमाची बांधणी पाहण्यासारखी आहे. शिक्षकांना नुसते पडद्यासमोर बसविले नव्हते. दूरचित्रवाणीवरील पाठ हा त्याचा एक भाग. त्याला जोडून आकाशवाणीवरील पाठ होते. हाताने करावयाचे प्रयोग व कृती होत्या. वाचनासाठी छापील साहित्य होते. प्रत्येक केंद्रावर गटाला मार्गदर्शन करणारा, आधी स्वतः तयार झालेला एक शिक्षक होता, आणि शंका विचारण्याची व त्यांची उत्तरे मिळविण्याची व्यवस्था होती. चित्र, ध्वनी, पुस्तक, हातकाम आणि माणूस या पाचांची ही सांगड होती. यंत्र त्यांपैकी एकाच जागी होते. उरलेल्या चार जागा यंत्राने भरता येणार नाहीत, हे आखणी करणाऱ्यांनी आरंभीच ओळखले होते.

प्रयोगाने काय दाखविले

वर्ष संपल्यावर या सर्व कामाचे मूल्यमापन करण्यात आले आणि त्यातील निष्कर्ष मोकळेपणाने मांडण्यात आले. कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांच्या भाषेत प्रगती दिसली. निरनिराळ्या मार्गांनी माहिती मिळविण्याची त्यांची गोडी वाढली. मात्र शाळेतील नेहमीच्या विषयांच्या चाचण्यांत त्यांचे गुण विशेष वाढले, असे आढळले नाही. याउलट, शिक्षकांच्या विज्ञान-प्रशिक्षणाचा परिणाम चांगला झाल्याचे दिसून आले.

या दोन निष्कर्षांचा एकत्र विचार केला पाहिजे. पाच ते बारा वर्षे वयाची मुले एकाच संचासमोर बसत. पहिलीच्या मुलाला जो पाठ कठीण, तोच पाचवीच्या मुलाला सोपा. चित्र पुढे सरकत राही, ते थांबविण्याचा किंवा मागे नेण्याचा अधिकार शिक्षकाला नव्हता. शिक्षक-प्रशिक्षणात मात्र पाठापूर्वी तयारी होती, पाठानंतर चर्चा होती आणि हाताला काम होते. साधन तेच आणि उपग्रहही तोच होता. फरक होता तो साधनाभोवती उभ्या केलेल्या व्यवस्थेचा.

यातील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. उपग्रह एका वर्षापुरताच मिळालेला होता. मुदत संपताच तो आपल्या मूळ कामासाठी परत गेला. त्यानंतर हैदराबाद व गुलबर्गा यांसारख्या ठिकाणी भूमीवरील प्रक्षेपण केंद्रे उभारून हे कार्यक्रम चालू ठेवण्याचा प्रयत्न झाला. हैदराबादचे दूरदर्शन केंद्र १९७७ मध्ये सुरू झाले ते याच ओघात. तथापि या केंद्रांच्या टप्प्यात सर्व गावे येऊ शकली नाहीत. काही गावांत पडदा उजळला आणि वर्षाने पुन्हा काळा झाला. ज्या मुलांनी एक वर्ष त्याची वाट पाहिली, त्यांना आपण काय उत्तर देणार, हा प्रश्न प्रत्येक नियोजकाने आपल्या टेबलावर लिहून ठेवावा असा आहे. योजनेचा पहिला दिवस ठरविताना तिच्या शेवटच्या दिवसानंतरचा दिवसही ठरवावा लागतो.

त्यानंतरच्या योजना

इन्सॅट उपग्रहांच्या काळात शालेय दूरचित्रवाणीसाठी राज्य पातळीवर संस्था निघाल्या. हैदराबादला तशी संस्था झाली, आणि पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी स्थापन झाली. मराठी मुलांसाठी तेथे पुष्कळ चांगली निर्मिती झाली. पुढे निधीचा ओघ आटला आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. १९८४-८५ मध्ये निवडक माध्यमिक शाळांना संगणक देण्याचा क्लास हा कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी ब्रिटनमध्ये बनलेले बीबीसी संगणक आणले होते. अल्पकाळाचे प्रशिक्षण, इंग्रजीत असलेले पाठ, आणि नेहमीच्या वेळापत्रकात संगणकाला जागा नसणे, या अडचणी तेव्हा पुढे आल्या. सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह अवकाशात गेला. २०१७ मध्ये दीक्षा हे अध्ययन-साहित्याचे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये निष्ठा हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम, प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुख डोळ्यांपुढे ठेवून, हाती घेण्यात आला.

२०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा तेलंगणात टी-सॅट आणि दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून पाठ दाखविण्यात आले. महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर मुलांसाठी टिलीमिली ही मालिका आली. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी आपण पुन्हा दूरचित्रवाणीकडे वळलो. ज्या घरात भ्रमणध्वनी एकच आणि तोही वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जाणारा, त्या घरातील मुलाला दूरचित्रवाणीचाच आधार होता. नवे साधन आले म्हणून जुने साधन टाकून देऊ नये, एवढा धडा त्या वर्षाने आपल्याला दिला.

आजची स्थिती केंद्र शासनाच्या शालेय माहिती प्रणालीवरून कळते. २०२४-२५ मध्ये देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. आदल्या वर्षी हीच प्रमाणे ५७.२ आणि ५३.९ टक्के होती. वाढ झपाट्याची आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु तरीही दर तीन शाळांपैकी एक शाळा अद्याप बाहेर आहे. आणि जेथे संगणक आहे, तेथे तो शिकविण्यासाठी किती वापरला जातो, हे त्या टक्केवारीवरून कळत नाही.

परदेशांतही हाच अनुभव आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने खेड्यांतील मुलांना लाखो छोटे संगणक वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, त्यामुळे गणित व भाषा या विषयांतील प्रगतीत फरक पडल्याचे दिसले नाही. यंत्र मुलांच्या हाती पोहोचले होते, पण अध्यापनाची पद्धत बदलली नव्हती. १९७६ मध्ये आपल्या येथे जे दिसले तेच तेथे दिसले.

नियोजनाचा क्रम

मग क्रम कसा असावा? माझ्या अल्प मतीप्रमाणे तो असा असावा.

पहिली गोष्ट, काय शिकवावयाचे आहे ते आधी ठरवावे आणि साधन नंतर. समजा, बीजाला अंकुर कसा फुटतो हे शिकवावयाचे आहे. पडद्यावर हे अर्ध्या मिनिटात दिसते आणि मुले चकित होतात. परंतु ओल्या फडक्यात हरभरे बांधून ठेवले तर मोड यायला दोन-तीन दिवस लागतात. मूल रोज फडके सोडून पाहते, पाणी कमी पडले की काय होते तेही पाहते. चांगला शिक्षक आधी हरभरे भिजवितो, मुलांना अंदाज करावयास सांगतो आणि मग चित्र दाखवून, मातीखाली जे डोळ्यांना दिसले नाही ते समजावितो. तेव्हा चित्राचे चीज होते. हरभरे न भिजविता नुसते चित्र दाखविले तर तो विषय चित्राबरोबरच संपतो.

दुसरी गोष्ट, शिक्षकाचे प्रशिक्षण यंत्र येण्यापूर्वी सुरू व्हावे आणि यंत्र आल्यानंतरही चालू राहावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. हे तास एकट्याने पडद्यासमोर बसून, पुढचे बटण दाबीत पुरे करता येतात. प्रमाणपत्रही मिळते. पण जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने आणि केंद्रप्रमुखांनी दर महिन्याला आसपासच्या शाळांतील शिक्षकांना एकत्र बसवावे, एकाने पाठ घ्यावा, इतरांनी तो पाहावा व त्यावर बोलावे. बारा दिवसांच्या त्या जुन्या पाठ्यक्रमात गटाचा मार्गदर्शक होता, तो आज पुन्हा हवा आहे.

तिसरी गोष्ट, एका शाळेतील एकाच शिक्षकाला तयार करू नये. त्याची बदली झाली की कपाटाला कुलूप लागते. किमान दोघांना तयार करावे, आणि बदलीने येणाऱ्याला पहिल्या महिन्यातच हे काम दाखविले जाईल अशी व्यवस्था असावी.

चौथी गोष्ट, खर्चाचा अंदाज करताना खरेदीच्या रकमेखाली रेघ मारून थांबू नये. विजेचे देयक, इंटरनेटचे शुल्क, दुरुस्ती, विजेचा दाब कमीजास्त झाल्यास संरक्षण, आणि काही वर्षांनी करावी लागणारी बदली, हे सर्व रकाने अंदाजपत्रकात आरंभापासून असावेत. साइट प्रयोगात संचांच्या देखभालीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली होती आणि गावातील एका व्यक्तीकडे संच सांभाळण्याचे काम सोपविले होते. दुरुस्तीचा माणूस किती दिवसांत पोहोचेल, हे करारात लिहून घेणे आजही तितकेच आवश्यक आहे.

पाचवी गोष्ट, मूल्यमापन हे योजनेचे अंग असावे. किती संच वाटले हा आकडा अहवालात सहज भरता येतो. किती मुलांना पूर्वी न येणारी गोष्ट आता येते, हा आकडा कष्टाने मिळवावा लागतो. १९७६ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी आपल्याच प्रयोगातील उणीव झाकून ठेवली नाही. ती परंपरा शासकीय खात्यांनी चालवावी. उणिवेची नोंद करणाऱ्या शिक्षकाला दोषी ठरविले, तर पुढील वर्षी सर्वच अहवाल निर्दोष येतील आणि त्यांचा कोणालाही उपयोग होणार नाही.

भाषेचा प्रश्न

मराठी भाषक म्हणून एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधतो. १९७५ च्या चार भाषांत मराठी नव्हती. सीमेलगतच्या मराठी घरांतील मुले तेव्हा जे ऐकायला मिळाले ते ऐकत होती. आजही तेलंगणातील आदिलाबादच्या परिसरात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. त्यांची पाठ्यपुस्तके, त्यांच्यासाठीचे चित्रपाठ आणि त्यांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण यांचा विचार दोन राज्यांच्या खात्यांनी मिळून केला, तर तो सोयीचा व कमी खर्चाचा होईल. महाराष्ट्रात तयार झालेला पाठ येथे दाखवावयाचा असेल तर तो येथील पाठ्यक्रमाशी जुळवून घ्यावा लागेल. हे काम यंत्र करणार नाही, ते दोन्ही पाठ्यक्रम जाणणारा शिक्षकच करील. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शालेय वाहिन्यांची संख्या १२ वरून २०० पर्यंत नेऊन प्रादेशिक भाषांतून पूरक शिक्षण देण्याचे जाहीर झाले. या संधीचा लाभ मागणाऱ्यालाच मिळणार, हे लक्षात असावे.

एका शिक्षकाच्या हाती काय असते याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर संकेतचिन्हे जोडली, म्हणजे ते चिन्ह टिपले की त्या धड्याचे ध्वनी व चित्रसाहित्य उघडे. पुढे ही पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यंत्र वरून आले आणि शिक्षकाने ते वापरले, असे घडले नाही. वर्गात अडलेली गरज शिक्षकाला दिसली आणि त्यासाठी त्याने साधन शोधले.

ग्रामस्थांचे काम

ग्रामस्थ मित्रहो, आपणास वाटेल की हा सर्व विषय गुरुजींचा आणि साहेबांचा आहे. तसे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती स्थापन केली आहे आणि तिच्यात पालकांचे बहुमत आहे. आपल्या शाळेत नवे साधन येईल तेव्हा नारळ फोडून झाल्यावर समितीच्या बैठकीत चार प्रश्न विचारा. हे कोणत्या इयत्तेला, कोणत्या विषयासाठी आणि आठवड्यातून किती तास वापरले जाणार? ते वापरण्याचे प्रशिक्षण कोणकोणत्या शिक्षकांना मिळाले आहे? बिघडले तर कोणाला कळवावयाचे आणि तो किती दिवसांत येणार? आणि पुढील वर्षीच्या विजेचा व दुरुस्तीचा पैसा कोठून येणार? हे प्रश्न विचारणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखविणे नव्हे. शाळा आपली आहे असे मानणाराच असे प्रश्न विचारतो.

आणखी एक विनंती. साधन महाग आहे, मुले मोडतील, या भीतीने ते कपाटात ठेवू नका आणि ठेवू देऊ नका. वापरताना खराब झालेले यंत्र दुरुस्त करता येते. मुलीचे पाचवीचे वर्ष मात्र एकदाच येते.

शिक्षक बंधुभगिनींना मला एवढेच सांगावयाचे आहे की, यंत्र आपली जागा घेईल अशी धास्ती बाळगू नये आणि यंत्र आपले काम करील अशी आशाही धरू नये. युनेस्कोने २०२३ मध्ये शिक्षणातील तंत्रज्ञानाविषयी जो जागतिक अहवाल प्रसिद्ध केला, त्याचाही रोख हाच आहे. तंत्रज्ञान शिक्षकाला पूरक असावे, पर्याय नसावे. दर रविवारी याच आबिड्सच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. पुस्तक हेही एके काळी नवे तंत्रसाधनच होते, आणि छापखाना आला म्हणून शिक्षक अनावश्यक झाला नाही. उलट वाचावयास शिकविणारा माणूस गावोगावी हवा झाला.

याच हैदराबाद शहरात केशवराव कोरटकरांसारख्या मंडळींनी विवेक वर्धिनीच्या रूपाने मराठी शिक्षणाची सोय उभी केली, तेव्हा त्यांच्याजवळ ना उपग्रह होता ना संगणक. शिकविणारी माणसे त्यांनी आधी जमविली. आज साधने विपुल आहेत, आणि पुढील काळात ती अधिक स्वस्त व अधिक हुशार होतील. म्हणून अधिकारी वर्गाने येत्या वर्षाची योजना आखताना पहिला रकाना शिक्षकाच्या तयारीचा ठेवावा, दुसरा देखभालीचा आणि तिसरा खरेदीचा. या क्रमाने गेलो तर १९७५ मध्ये जे एका वर्षासाठी साधले, ते कायमचे साधता येईल.